बघवत नाही

दात परत आला तेव्हा मास्तर चहाचा पहिला घोट घेत होते.

"रागावू नका हं मास्तर," डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या आणि पर्समधली पांढरी डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "बसवून बघितला. माप एकदम चोख आहे. पण रंग नाही जमला. शेजारच्या दातापाशी तो वेगळा उठून दिसतो."

"वेगळा म्हणजे कसा?"

"जरा पिवळट वाटतो. ती पोरगी आरशात बघून रडायलाच लागली हो."

मास्तरांनी डबी उघडली नाही. त्यांच्या हातचा दात आजवर मापासाठी परत आला होता, एकदा तर कुत्र्याने चावून टाकला म्हणून आला होता. रंगासाठी कधीच नाही. रंगात मास्तरांचा हात कोणी धरत नसे.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. आयुष्यात त्यांनी खडू धरला नव्हता. घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून ते दात बनवत. कवळ्या, कॅप, एखाददुसरा सुटा दात. डॉक्टरीणबाईंचे वडील, म्हणजे दातांचे जुने डॉक्टर, कौतुकाने त्यांना मास्तर म्हणू लागले आणि मग सगळं गावच म्हणू लागलं. निम्म्या गावाचं हसू माझ्या टेबलावरून गेलंय, असं मास्तर सांगत, आणि त्यात फारशी थाप नव्हती. त्यातही पुढचा दात ही त्यांची खास जहागीर. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, तसंच माणसाचंही असतं. मागची दाढ कोणीही करावी, ती अंधारात खपून जाते. पण खऱ्या दाताला खेटून उभा राहणारा पुढचा एकच दात असा करायचा, की खोटा कुठला ते त्याच्या मालकालाही आठवू नये, हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. डॉक्टरीणबाई अलीकडे बाकीचं काम मोठ्या लॅबकडे पाठवत. तिथे मशीनच दात कापतं म्हणे. पुढचा दात मात्र अजून मास्तरांकडेच येई.

"तुमच्याकडचा दिवा बदललाय का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मग सिमेंट. सिमेंट नवीन घेतलं असेल तुम्ही. त्यानं आतून रंग मरतो."

"मास्तर, सिमेंटनं चिकटवला असता तर परत कसा आणला असता?"

नाचता येईना अंगण वाकडं, हे मास्तरांनाही कळत होतं. पण एकदा अंगणाला वाकडं म्हटल्यावर मागे कसं फिरायचं? ते पोरीच्या कॉफी पिण्यावर घसरणार, एवढ्यात जिन्याखालून काकू आल्या.

काकू म्हणजे मास्तरांची बायको. जिन्याखालच्या खोपटात पॉलिशचं मशीन होतं, तिथे त्या बसत. प्लास्टर कालवणं, साचे ओतणं, कवळ्या घासून गुळगुळीत करणं ही त्यांची कामं. त्यांनी ओले हात पुसले, डबीतला दात चिमटीत धरला आणि टेबलावरच्या झगझगीत दिव्याला वळसा घालून त्या खिडकीशी गेल्या. गल्लीकडची खिडकी, ऊन कधीच न येणारी. तिथे त्यांनी दात इकडे फिरवला, तिकडे फिरवला.

"पिवळा नाहीये हो," त्या म्हणाल्या. "मेल्यासारखा दिसतोय. जीव नाही त्यात."

"अगदी बरोबर काकू! मला हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच पुन्हा खाली ठेवला. डॉक्टरीणबाईंच्या 'पिवळट'ने एवढं लागलं नव्हतं. बायकोच्या 'जीव नाही'ने लागलं. आणि त्याहून जास्त लागलं ते तिचं खिडकीशी जाऊन, जराशी मान कलती करून, क्षणात सगळं दिसणं.

मास्तर जळत होते. माणसं शेजाऱ्याच्या गाडीवर जळतात, भावाच्या घरावर जळतात. मास्तर स्वतःच्या बायकोच्या डोळ्यांवर जळत होते.

त्याचं असं झालं होतं. नवराबायकोचे मोतीबिंदू जोडीनेच पिकले. एकच दवाखाना, एकच डॉक्टर, एकच दिवस. आधी मास्तरांना आत नेलं, मग काकूंना. दुसऱ्या डोळ्याच्या वेळीही तसंच. पट्ट्या निघाल्यावर दोघं लहान मुलांसारखी घरभर फिरली होती. भिंत पांढरी निघाली, ती एवढे दिवस साईच्या रंगाची वाटत होती. "अहो, तुमच्या कानांत केवढे केस आहेत!" काकू म्हणाल्या होत्या, आणि मास्तर म्हणाले होते, "तुझ्या हनुवटीवर पण दोन आहेत, मी सभ्यपणाने बोललो नाही." ते दिवस फार चांगले गेले.

मग कधीतरी मास्तरांच्या डोळ्यांपुढे पुन्हा धुकं यायला लागलं. पुसलेल्या काचेवर कोणीतरी हळूच श्वास सोडावा तसं. त्यांनी चष्मा पुसला, चष्मा बदलला, टेबलावर मोठा दिवा आणला, आणि मग त्याहून मोठा. दिवा मोठा झाला तसं त्याच्याभोवतीचं खळंही मोठं झालं. पांढऱ्यातला पांढरा ओळखणं हा ज्यांचा धंदा, त्यांना सगळंच पांढरं सारखं दिसू लागलं.

मास्तरांनी मनाशी निकाल लावून टाकला: मोतीबिंदू परत आलाय. आणि परत आलाय तो फक्त मला. का? तर डॉक्टरांनी आधी माझ्यावर हात साफ करून घेतला आणि मग हिच्यावर कसब दाखवलं. कधी त्यांना वाटे, भिंगांचीच अदलाबदल झाली असणार. मुळात माझ्या नावाचं चांगलं भिंग ते हिच्या डोळ्यात गेलं. जेवताना ते समोर बसलेल्या बायकोच्या डोळ्यांकडे बघत राहत, आपली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर दिसल्यासारखे.

"काय बघताय असं?" काकू विचारत.

"काही नाही. जेव."

डॉक्टरांकडे जावं, हे सुचलं नव्हतं असं नाही. पण तिथे जायचं म्हणजे हिला सांगून जायचं, आणि मला दिसत नाही हे वाक्य हिच्यासमोर तोंडातून निघत नव्हतं. त्यातून डॉक्टर म्हणाले, आता काही करता येणार नाही, तर? न विचारलेलं बरं.

आणि काकूंना तर हल्ली वाऱ्यावरचंही दिसत होतं. फाटकाशी स्कूटर थांबली की जिन्याखालूनच त्या म्हणायच्या, "डॉक्टरीणबाई आल्या. आज घाईत दिसतात." समोर नजर टाकून म्हणायच्या, "शिंप्याने आज दुकान उघडलं नाही वाटतं." मास्तर डोळे ताणून बघत. त्यांना समोर एक दुकानाच्या आकाराचा ठोकळा दिसे. "उघडं का बंद, तुला काय करायचंय?" असं ते खेकसत, आणि काकू गप्प बसत. त्या गप्प बसण्याचाही मास्तरांना राग येई. एवढी दृष्टी आणि वर एवढा समजूतदारपणा, दोन्ही एकाच बाईला कशाला द्यायचं?

दात परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्या मुलीलाच मास्तरांकडे पाठवलं. बँकेत कॅशिअर होती. सायकलवरून पडून पुढचा दात मोडला होता. बोलताना, हसताना तिचा हात आपोआप तोंडावर जाई. मास्तरांनी तिला दिव्याखाली बसवलं. नमुन्याच्या दातांची पट्टी काढली, गालाला हात लावून मान वर केली आणि एकेक नमुना तिच्या खऱ्या दाताशेजारी धरू लागले. दिव्याच्या खळ्यात सगळे नमुने जुळ्या भावांसारखे दिसत होते. मास्तरांनी घसा खाकरला, एक नमुना निवडला आणि छातीठोकपणे म्हणाले, "हा. ह्यात शंकाच नाही."

मुलगी उठली. "जरा बस गं, सरबत देते," म्हणत काकूंनी तिला खिडकीतल्या बाकावर बसवलं. आणि मग त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. बँकेतल्या गर्दीच्या, साहेबाच्या घोरण्याच्या. साहेब जेवणानंतर खुर्चीतच कसा घोरतो, त्याची मुलीने नक्कल केली आणि काकू एवढ्या हसल्या की मुलगीही हसली. हात तोंडावर न्यायचं विसरून हसली. काकू तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मुलगी गेल्यावर त्या मास्तरांना म्हणाल्या, "तिच्या दाताच्या टोकाशी जरा धुरकट निळं आहे. आणि मधे बारीक पांढरा डाग. लहानपणी ताप येऊन गेला असेल."

"तू आता मला शिकव."

"शिकवत नाही हो. दिसलं ते सांगितलं."

दिसलं ते! मास्तर दातओठ खात राहिले. "एवढं दिसतंय तर तूच कर ना," ते म्हणाले. "कर की! होऊन जाऊ दे. म्हणजे कळेल दिसणं वेगळं आणि करणं वेगळं."

हे अर्थातच टोमणा म्हणून बोललेलं होतं. पण काकूंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "बरं."

काकू अगदीच अडाणी नव्हत्या ह्या कामात. इतकी वर्षं त्या कामाच्या शेजारीच बसत आल्या होत्या, आणि उरलेली पूड वाया जाऊ नये म्हणून कधीकधी त्या एखादा दात करून बघत. मास्तर त्यांना बाहुलीचे दात म्हणत आणि फेकून देत.

मास्तरांनी आपला दात दिव्याखाली केला. काकूंनी आपलं सामान खिडकीत मांडलं. पुडीत पाणी कालवून ब्रशाच्या टोकाने थरावर थर चढवायचा, भट्टीत घालायचा, काढून बघायचं, पुन्हा थर द्यायचा. काकू मधेच डोळे मिटून घेत, पुन्हा उघडत, दात लांब धरत, जवळ धरत. "प्रार्थना करतेस का काय?" मास्तरांनी विचारलं. काकू हसल्या, पण हात थांबला नाही.

दोन्ही दात तयार झाले. मास्तरांनी आपला पांढऱ्या डबीत ठेवला, बायकोचा निळ्या डबीत, आणि दोन्ही डॉक्टरीणबाईंकडे पाठवून दिले. मोठ्या मनाने नव्हे. चारचौघांत निकाल लागावा आणि बायकोने कायमचं जिन्याखाली जाऊन बसावं, म्हणून.

संध्याकाळी फोन आला. काकू स्वयंपाकघराच्या दारात कान देऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर! काय कमाल केलीत तुम्ही!" डॉक्टरीणबाईंचा आवाज नुसता उड्या मारत होता. "निळ्या डबीतला! अहो, बसवल्यावर मला स्वतःला कळेना खरा कुठला. तो ठिपका कुठून सुचला तुम्हाला? पांढऱ्या डबीतला तसा ठीक होता, पण निळ्यातला म्हणजे… बाबा असते ना, तर नाचले असते."

मास्तरांची दातखीळ बसली. मग त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "अनुभव असतो डॉक्टर. दुसरं काय."

फोन ठेवल्यावर काकूंनी विचारलं, "कुठला लागला?"

खरं बोलायला एक श्वास पुरला असता. मास्तरांनी तो श्वास घेतलाही.

"माझा," ते म्हणाले.

"मला वाटलंच होतं," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. आत नळ सुरू झाला, भांडी वाजू लागली. नेहमीसारखीच वाजत होती. मास्तर बराच वेळ त्या आवाजात राग शोधत राहिले. सापडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी न वापरलेला दात पांढऱ्या डबीतून परत पाठवला. काकूंच्या हातात पडायच्या आत मास्तरांनी डबी घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली. तेव्हापासून ती खिशातच होती. शर्ट बदलला की डबीही नव्या शर्टाच्या खिशात जायची.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मास्तरांच्या मनात तर भर दुपार होती. काकू काही बोलल्या की त्यांना वाटे, हिला कळलंय. नाही बोलल्या की वाटे, नक्कीच कळलंय. आणि जळणं काही थांबलं नव्हतं. उलट, पूर्वी तिच्या डोळ्यांवर जळत होते, आता तिच्या हातावरही जळू लागले. चोरी करून माणसाचं पोट तरी भरतं, मास्तरांचं तेही भरलं नाही. कारण स्तुती आठवली की त्यांना निळी डबीच आठवे.

वर आणखी एक पुढचा दात आला. सोबत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी: "तसाच हवा."

तसाच! मास्तरांनी एकदा केला, मोडला. पुन्हा केला, पुन्हा मोडला. तिसऱ्या वेळी दिव्याखाली वाकून वाकून पाठीचा काटा ढिला झाला, तेव्हा खिडकीतून काकू सहज म्हणाल्या, "फार पांढरा झालाय का हो तो?"

मास्तरांनी ब्रश आपटला. "तुला दिसतं ना सगळं! गल्लीतलं दिसतं, गावातलं दिसतं! माझ्या टेबलावर कशाला डोळे वटारतेस? घासायचं काम दिलंय ते कर!"

काकू एवढी वर्षं गप्प बसल्या होत्या. त्या दिवशी नाही बसल्या.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला ना, माझं काही बघवतच नाही. डोळे चांगले झाले तेव्हापासून बघतेय मी. मी काही बोलले, केलं, की तुमचं तोंड कडू. सरळ सांगा ना एकदा, नाही बघवत म्हणून!"

"हो!" मास्तर ओरडले. "नाही बघवत! नाही बघवत मला!"

मास्तरांच्या तोंडून शेवटी खरं निघालं होतं. कपाळावर घाम आला होता आणि छातीवरून धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. आता ती रडेल, नाहीतर बहिणीकडे निघून जाईल. काय व्हायचं ते होवो.

काकू खिडकीतून उठल्या आणि जवळ आल्या. त्यांनी मास्तरांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. त्यांचा सगळा राग कुठल्या कुठे गेला होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"बघवत नाही ते. एका डोळ्याने की दोन्ही? अहो, मग सांगायचं नाही का! मी मेली भलतंच बोलत बसले." त्यांनी पदराने त्यांचं कपाळ पुसलं, आणि मग टेबलावरचा तो झगझगीत दिवा विझवून टाकला.

मास्तर बघत राहिले. आयुष्यात एकदा पोटातलं ओठावर आणलं, तर तिने त्याचा भलताच अर्थ घेतला. आणि पंचाईत अशी, की तो अर्थही खराच होता.

"दोन्ही," ते हळूच म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मास्तरांच्या डोळ्यांत थेंब घातले, मशीनला हनुवटी टेकवायला लावली आणि हूं हूं करत बराच वेळ पाहिलं.

"मोतीबिंदू परत आलाय ना?" मास्तरांनी विचारलं.

"मोतीबिंदू परत येत नसतो काका. तो काढला, गेला. पण तो ज्या पातळ पिशवीत असतो ना, ती आम्ही तशीच ठेवतो. तिच्यातच नवं भिंग बसवतो. पुढे काही जणांच्या त्या पिशवीच्या मागच्या बाजूवर साय धरते. दुधावर धरते तशी. भिंग चांगलंच आहे तुमचं, मागची काच मळलीय म्हणा. लेझरने तिला मधोमध एक खिडकी पाडायची. टाका नाही, पट्टी नाही. बोलता बोलता होतं."

"म्हणजे ऑपरेशनमध्ये काही चुकलं होतं?"

"काही नाही. कोणाला होतं, कोणाला नाही. कोणाला उशिरा होतं."

"म्हणजे हिलाही होऊ शकतं?" मास्तरांनी विचारलं. विचारताना आवाजात जी गोडी आली, ती त्यांना स्वतःलाच ऐकू आली आणि त्यांची मान खाली गेली. पण गोडी आली ती आलीच.

"बघू या की. या काकू, तुम्हीही टेका हनुवटी."

काकू नको नको म्हणत होत्या. डॉक्टरांनी त्यांना बसवलंच. एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "काकू, तुमचं तर ह्यांच्यापेक्षा दाट आहे. डाव्या डोळ्यात फारच. कधीपासून?"

"झालं असेल वर्ष," काकू म्हणाल्या.

"आणि बोलला नाहीत?"

"ह्यांना पुढच्या दातांचं काम. ह्यांचं बरोबर चाललं होतं. म्हटलं माझं काय, घासायचंच तर आहे. वय झालं की व्हायचंच थोडं."

"त्रास नाही होत?"

"दिव्याखाली होतो. दिव्याखाली मला नुसता लखलखाट दिसतो. म्हणून मी आपली खिडकीत जाऊन बसते. डोळे मिटून जरा थांबलं, की मग दिसतं."

मास्तर भिंतीला टेकले. त्यांना थेंबांमुळे सगळं अंधुक दिसत होतं आणि तेच बरं होतं.

"मग डॉक्टरीणबाई आल्या हे तुला आतूनच कसं कळतं?" ते म्हणाले. तिथे तो प्रश्न काढायची काही गरज नव्हती.

"स्कूटरच्या ब्रेकवरून. घाईत असल्या की करकचून दाबतात."

"आणि शिंप्याचं दुकान?"

"त्याचं मशीन वाजत नव्हतं." काकूंनी डॉक्टरांकडे बघून हसत विचारलं, "हे काय हो, डोळ्यांच्या दवाखान्यात शिंप्याचं काय काढलंय ह्यांनी?"

लेझर मास्तरांचं त्याच दिवशी झालं, काकूंचं पुढच्या आठवड्यात. खरंच बोलता बोलता झालं. डोळ्यांपुढे काही दिवस काळे ठिपके चिलटांसारखे तरंगले आणि मग तेही गेले. भिंत पुन्हा पांढरी झाली.

काकू दवाखान्यातून आल्या त्या दिवशी जरा पडल्या होत्या. मास्तरांनी दिवा न लावता खिडकीतल्या बाकावर जाऊन खिशातली पांढरी डबी उघडली. हा दात त्यांनी केला तेव्हा धुकं होतं, हे खरं. पण बायकोने निळ्या डबीतला केला तेव्हा त्याहून दाट धुकं होतं. मास्तरांनी दात इकडे फिरवला, तिकडे फिरवला. माप चोख होतं. जीव नव्हता. आणि आता भिंगावर, डॉक्टरांवर, नशिबावर, कशावरच ढकलता येत नव्हतं. त्या पोरीला त्यांनी दिव्याखाली बसवून तोंड उघडायला लावलं होतं. हिने तिला हसवलं होतं. एवढीच गोष्ट होती, आणि ती डोळ्यांची नव्हती.

जळणं गेलं म्हणावं तर तेही खोटं. डोळ्यांवरची साय लेझरने जाते. ह्याला लेझर नव्हतं. फक्त आता आपण कशावर जळतोय ते त्यांना स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू जिन्याखाली प्लास्टर कालवत होत्या. फोन वाजला.

"मास्तर, कसे आहेत डोळे? त्या दुसऱ्या दाताचं बघताय ना? निळ्या डबीतल्यासारखाच हवा हं. ती कॅशिअर काल आली होती. अहो, मधेच हसली आणि हात तोंडावर न्यायचं विसरली! मला म्हणाली, त्या मास्तरांना सांगा…"

"डॉक्टर," मास्तर म्हणाले. मग थांबले. "डॉक्टर, तो निळ्या डबीतला मी नव्हता केला. माझा पांढऱ्यातला होता. निळ्यातला हिने केला होता. थांबा, हिलाच देतो."

जिन्याखालचा कालवण्याचा आवाज थांबला.

मास्तर फोन घेऊन तिथे गेले. काकूंचे दोन्ही हात मनगटापर्यंत प्लास्टरने भरले होते. त्या मास्तरांकडे बघत होत्या, आणि आता त्यांना स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे मास्तरांना तोंड लपवायला जागा नव्हती.

"हात भरलेत माझे," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी फोन त्यांच्या कानाला लावला.

डॉक्टरीणबाईंचा आवाज मोठा होता. मास्तरांना एकेक शब्द ऐकू येत होता. अहो काकू, तुम्ही? तो ठिपका कसा जमवलात? ती निळी झाक? बाबांच्या वेळेपासून एवढे दात बघितले, पण असा… मास्तरांना ते सगळं उभ्या उभ्या ऐकावं लागलं, दुसऱ्याच्या जेवणाचा वास घ्यावा तसं. छातीत जुनंच काहीतरी कळकन चावलं. त्यांनी हात हलवला नाही.

"हो," काकू फोनमध्ये म्हणाल्या. नजर अजून मास्तरांवरच होती. "हो, मीच केला तो."

वाडग्यातलं प्लास्टर घट्ट व्हायला लागलं होतं. एरवी मास्तर ओरडले असते, वाया जातंय म्हणून. डॉक्टरीणबाईंचं बोलणं काही संपत नव्हतं. मास्तरांचा हात अवघडला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला आणि फोन तसाच तिच्या कानाशी धरून उभे राहिले.